तुम्हाला पीएच.डी. का करायची आहे?

बायोमेडिकल सायन्सेसमध्ये पीएच.डी.साठी अर्ज करायला बसलात की फॉर्म कुठलाही असो, एक प्रश्न चुकत नाही. तुम्हाला पीएच.डी. का करायची आहे? आपल्याकडच्या संस्था त्याला 'रिसर्च इंटरेस्ट' म्हणतात आणि शब्दमर्यादेची छोटीशी चौकट देतात. अमेरिकेतली विद्यापीठं 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' म्हणतात आणि साधारण दोन पानं देतात. काहींना त्याशिवाय 'पर्सनल स्टेटमेंट' हवं असतं, म्हणजे तुम्ही कोण, कुठल्या, इथवर कशा आलात वगैरे. घरी हाच प्रश्न चार शब्दांत विचारतात : अजून किती शिकणार गं? आणि लग्नात भेटलेली एखादी आत्या विचारते, "शेवटी डॉक्टरच व्हायचं होतं, तर तेव्हाच नीट नीट द्यायची ना!"

२०२४चा ऑगस्ट ते २०२५चा ऑगस्ट या वर्षभरात मी या प्रश्नाची उत्तरं लिहीत होते. कधी पाचशे शब्दांत, कधी हजार शब्दांत, कधी कॅमेऱ्यासमोर, कधी बोर्डासमोर. हा लेख त्याबद्दल आहे. यंदा कोणी अर्ज भरत असेल तर त्यांना काही गोष्टी कामाला येतील. ज्यांना भरायचा नाही त्यांना निदान आपल्या ओळखीतली ती 'अजून शिकणारी' मुलगी रात्री दीड वाजता लॅपटॉपसमोर काय करत असते, ते कळेल.

आधी माझं. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादमधलं, बार्शीपासून तासाभरावर. पप्पांचं तालुक्याला कृषी सेवा केंद्र आहे, आई अंगणवाडीत. मी पुण्यात बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. केलं आणि मग एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले. पगार वीस हजार आणि वर घरभाडं. काम मुख्यतः पेशी वाढवण्याचं. प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये गुलाबी मीडियम, त्यात पेशी, दर दोन-तीन दिवसांनी त्यांना नवं खाणं. दिवाळीला गावी जायचं तरी माझ्यामागे त्यांना कोण बघणार, हे आधी ठरवायचं. आई म्हणायची, म्हैस पाळल्यासारखंच आहे की हे.

प्रोजेक्टला मुदत असते. माझं मार्चमध्ये संपणार होतं. त्यामुळे पीएच.डी. हा माझ्यासाठी स्वप्नाइतकाच नोकरीचाही प्रश्न होता. हे एसओपीत लिहीत नाहीत, पण खरं आहे. बायोमेडिकलमधली पीएच.डी. म्हणजे फी भरून शिकायचं शिक्षण नाही. तिथे तुम्हाला पैसे मिळतात. आपल्याकडे सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. अमेरिकेत फी माफ, आरोग्य विमा आणि जगण्यापुरता स्टायपेंड. पप्पांना हे समजावून सांगायला मला दोन वर्षं लागली. "म्हणजे शिकायचे पैसे ते तुला देणार? मग त्यांचा काय फायदा?" दुकानदाराचा प्रश्न आहे, आणि चांगला आहे. त्यांचा फायदा हा, की पाच-सहा वर्षं प्रयोगशाळेतलं बहुतेक काम पीएच.डी.चे विद्यार्थीच करतात.

रस्ते दोन होते आणि दोन्हींची तयारी वेगळी. भारतातला रस्ता परीक्षेतून जातो. नेटचा लाइफ सायन्सेसचा पेपर तीन तासांचा, २०० गुणांचा. भाग क मधले ७५ प्रश्न असतात, त्यांतले २५ सोडवायचे, प्रत्येकाला चार गुण, चुकलं की एक वजा. वनस्पतींच्या हार्मोनपासून माकडांच्या वर्तनापर्यंत काहीही येतं. त्याशिवाय गेट आहे, डीबीटीची बीईटी आहे, आयसीएमआरची जेआरएफ आहे, टीआयएफआर आणि इतर संस्थांची मिळून जेजीबिल्स आहे. परीक्षा पास झालात म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही. फक्त मुलाखतीच्या खोलीचं दार उघडतं. माझी जेआरएफ दुसऱ्या प्रयत्नात निघाली होती, त्यामुळे ते दार उघडं होतं.

अमेरिकेतला रस्ता कागदांतून जातो. साधारण २०१८पासून तिथल्या बहुतेक बायोमेडिकल प्रोग्रॅमनी जीआरई बंद केली. त्या परीक्षेच्या गुणांवरून चांगला संशोधक ओळखता येत नाही, हे त्यांच्याच लोकांनी दाखवून दिलं होतं. ऐकायला छान वाटतं. पण परीक्षा गेली की तिची जागा दुसरं काहीतरी घेतं. ती जागा दोन गोष्टींनी घेतली : तीन शिफारसपत्रं आणि एसओपी. म्हणजे तुमच्याबद्दल कोण काय लिहितं आणि तुम्ही स्वतःबद्दल काय लिहिता. नेटमध्ये स्वतःबद्दल एक वाक्य लिहावं लागत नाही. इथे सगळा अर्जच 'मी'चा. ज्या मुलीला लहानपणापासून 'स्वतःची टिमकी वाजवू नये' असं शिकवलंय, तिने दोन पानं फक्त टिमकी वाजवायची.

माझी एक सिनियर तिकडे चौथ्या वर्षाला होती. तिने माझा पहिला मसुदा वाचला आणि रात्री फोन केला. "सायन्स चांगलंय. पण तू कुठे आहेस यात? कमिटी शेकडो अर्ज वाचते. हुक पाहिजे. घरात कोणाला कॅन्सर वगैरे होता का?"

तिने हे अगदी मदतीच्या भावनेने विचारलं होतं. यूट्यूबवर आणि कोचिंगवाल्यांच्या नमुन्यांत हाच सल्ला असतो. आजोबांचा पार्किन्सन, बहिणीचा थॅलेसेमिया, गावातला डेंग्यू. पहिल्या परिच्छेदात दुःख, दुसऱ्यात जिज्ञासा, शेवटच्यात 'म्हणून मला तुमच्या विद्यापीठात यायचं आहे'. मी असे डझनभर नमुने वाचले. काही खरे असतील, कदाचित सगळेच. तरी वाचता वाचता वाटायला लागलं, की आपण माणसांच्या आजारपणाचा बाजारभाव बघतोय.

माझ्या घरात कोणाला कॅन्सर नव्हता. पण माझ्याकडे एक गोष्ट होती, आणि सिनियरला ती सांगितल्यावर ती जवळजवळ ओरडलीच. "अगं, हे लिहायचं सोडून तू काय पी-५३ लिहीत बसलीयेस!"

गोष्ट अशी. एम.एस्सी.च्या जर्नल क्लबमध्ये सरांनी मला २००९चा एक पेपर दिला होता. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीबद्दल. मी तो होस्टेलच्या खोलीत उघडला आणि अभ्यास कुठे झाला ते वाचून थांबले. उस्मानाबाद डिस्ट्रिक्ट, महाराष्ट्र. जगातल्या इतक्या मोठ्या जर्नलमध्ये आमचा जिल्हा होता, तोही दुष्काळासाठी नाही.

१९९९मध्ये सुरू झालेला हा अभ्यास. जिल्ह्यातली ४९७ गावं, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ समूह करून चार गटांत वाटले. एका गटातल्या बायकांची एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी. दुसऱ्यात पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, म्हणजे पॅप. तिसऱ्यात गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून पांढरे डाग दिसतात का ते डोळ्यांनी पाहायचं. चौथ्या गटाला तपासणी नाही, जिल्ह्यात ज्या नेहमीच्या सेवा होत्या तेवढ्याच. काम बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयातून चाललं. ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७पासून बार्शीलाच होत होती, म्हणून तर हे शक्य झालं. आठ वर्षांनी मोजलं तेव्हा एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या होत्या, तपासणी नसलेल्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत इतका फरक दिसला नाही. गरीब देशांनी कुठली तपासणी निवडावी, या जगभरच्या चर्चेत या आकड्यांना मोठं वजन आहे.

१९९९ साली माझी आजी पन्नाशीच्या आत-बाहेर होती, म्हणजे अभ्यासाच्या वयात बसत होती. मी तेव्हाच तिला फोन करून विचारलं होतं, "आज्जी, खूप वर्षांमागं बार्शीच्या दवाखान्याची माणसं आलती का गं तपासणीला?"

"आलती की. जीप घेऊन. तुझ्या काकाचं लगीन व्हायचं होतं."

सिनियरचा फोन आला त्या रात्री मला हे सगळं वापरता आलं असतं. पहिलं वाक्य तर डोक्यात तयारच होतं. पण आजी काही 'हुक' नाही. ती एक बाई आहे आणि तिच्या शरीराच्या तपासणीबद्दल मी अमेरिकेतल्या सात-आठ अनोळखी माणसांना सांगणार होते. मी लिहिणं थांबवलं आणि गणपतीला गावी गेले तेव्हा तिला समोर बसवून विचारलं.

आधी मी माझी उत्सुकता भागवून घेतली. "आज्जी, तुला नेमकं काय केलं होतं गं? काही आंबट वासाचं लावलं होतं का?"

ती इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. "मी काय वास घेत बसले का गं तिथं? डोळे गच्च मिटलेते मी. आम्ही सहाजणी गेलतो. एकीचं झालं की दुसरीला सांगायची, काय दुखत नाय, जा. तेवढंच ध्यानात हाय."

म्हणजे ती कुठल्या गटात होती ते मला कळणार नाही. चौथ्या गटात नव्हती एवढं नक्की. तिच्यात काही सापडलं नाही. मग तिने आपणहून सांगितलं. त्या सहाजणींतल्या एकीला पुन्हा बोलावणं आलं. ती बार्शीला गेली, काहीतरी जाळून आली आणि आजही रोज देवळात भेटते. आणि एक सातवी होती, जी यायची होती पण आली नाही. घरच्यांनी सोडलं नाही. कशाला असल्या ठिकाणी तपासून घ्यायचं, म्हणाले. ती काही वर्षांनी गेली. कशाने गेली हे आजीने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

"तर मी हे लिहू का आज्जी? अर्जात?"

"कुणाचं लिहिणार?"

"तुझं. तू तपासणीला गेलीस ते."

तिने थोडा विचार केला. "माझं लिही की. मला काय झालंच नव्हतं. पण माझं लिहून काय होणार? लिहायचं तर तिचं लिहायला पायजे, जी आली नाय. आन् तिला कोण विचारणार आता?"

एथिक्सवरच्या माझ्या एम.एस्सी.च्या पेपरात इतका अवघड प्रश्न आला नव्हता.

मी ज्या पेशी वाढवत होते त्यांतल्या एका प्रकाराचं नाव हीला. जीवशास्त्र शिकणाऱ्या कुणालाही हे नाव माहीत असतं. १९५१मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून त्या घेतल्या. तिला न विचारता. ती त्याच वर्षी गेली. पेशी गेल्या नाहीत, त्या आजही जगभर वाढताहेत. घरच्यांना हे कळायला वीसहून अधिक वर्षं लागली. त्या पेशींत एचपीव्ही-१८ हा विषाणू आहे. याच वर्गातले विषाणू गर्भाशयमुखाचा कॅन्सर करतात हे दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८चं नोबेल मिळालं.

म्हणजे माझ्या फ्लास्कमध्ये एक बाई होती जिला विचारलं नव्हतं. गावी एक आजी होती जिला मी विचारलं. आणि एक सातवी, जिला विचारायला ती उरली नव्हती. माझ्या एसओपीत या तिघींपैकी कोण येणार, हे मला ठरवायचं होतं.

शेवटी मी लिहिलं ते असं. पहिल्या परिच्छेदात अभ्यासाचे आकडे. दुसऱ्या ओळीत एवढंच, की हा माझा जिल्हा आहे आणि माझ्या आजीची या अभ्यासात तपासणी झाली होती, हे मी तिच्या परवानगीने लिहीत आहे. पुढे लगेच प्रश्न. एचपीव्हीची लागण अतिशय सामान्य आहे. बहुतेक बायकांमध्ये एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच विषाणू घालवतं. थोड्या जणींमध्ये तो राहतो, आणि राहिला तर पुढे दहा-पंधरा वर्षांनी किंवा त्याहून उशिरा कॅन्सर होऊ शकतो. विषाणूची ई-६ आणि ई-७ ही प्रथिनं पेशीतले पी-५३ आणि आरबी हे दोन राखणदार निकामी करतात हे माहीत आहे. पण मुळात काही जणींमध्येच तो का टिकतो? त्यांची प्रतिकारशक्ती त्याला का ओळखत नाही? मला हे शोधायचं आहे. सातवीबद्दल एक अक्षर नाही. सिनियर म्हणाली, कोरडं झालंय. मी म्हटलं, चालेल.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते, कारण त्या पटापट होत नाहीत.

शिफारसपत्रं : एका सरांनी मनापासून लिहिलं. एक मॅडम म्हणाल्या, "तूच ड्राफ्ट करून आण, मी बघून पाठवते." हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि तिकडच्यांना ते वाचताच कळतं, कारण तीनही पत्रांत एकच इंग्रजी असतं. मी त्यांना पत्राऐवजी माझ्या कामाचे मुद्दे तारखांसकट लिहून दिले आणि विनंती केली की वाक्यं तुमची असू द्या. त्यांनी खरंच लिहिलं. हा उपाय करून बघा. आणखी एक : पोर्टलवरून प्राध्यापकांना जी लिंक जाते ती हमखास स्पॅममध्ये पडते. लाज सोडून आठवण करा. संस्थेचा ईमेल असेल तर तोच द्या, जीमेलकडे संशयाने बघतात.

पैसे : सहा ठिकाणी अर्ज केले. दोन प्रोग्रॅमनी फी माफ केली. बऱ्याच ठिकाणची माफी फक्त अमेरिकी नागरिकांना असते, पण सगळीकडे नाही, म्हणून ईमेल करून विचारायचंच. उरलेल्या चारांची फी मिळून जवळपास तीस हजार, म्हणजे माझा दीड महिन्याचा पगार. टोफेलचा खर्च वेगळा. डेबिट कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करायला बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिरावं लागलं. पप्पांनी विचारलं, "नाही मिळालं तर फी परत देतात का?" नाही. "मग पुढच्या वर्षी तीच चालते का?" नाही. "बियाण्याची पिशवी तरी बदलून देतो आम्ही," म्हणाले आणि पाच हजार पाठवून दिले.

विदेशी विद्यार्थ्यांना जागा कमी असतात हेही आधी माहीत हवं. पहिल्या एक-दोन वर्षांचा खर्च बऱ्याच ठिकाणी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेच्या प्रशिक्षण अनुदानातून होतो, आणि ते अनुदान नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्यांनाच मिळतं. आपला खर्च विद्यापीठाला दुसरीकडून काढावा लागतो. म्हणून नाकारलं गेलं तर प्रत्येक वेळी आपणच कमी पडलो असं नसतं.

बहुतेक अंतिम तारखा १ डिसेंबरच्या आसपास. जानेवारीत मला दोन मुलाखती आल्या. झूमवर, आपल्या रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडे सकाळी अकराला. पीजीतल्या मैत्रिणींनी कुकर लावला नाही, वायफाय सोडून मोबाइल डेटा वापरला, एकीने दाराबाहेर स्टूल टाकून पहारा दिला.

दुसऱ्या मुलाखतीत एका प्राध्यापिकेने माझ्या एसओपीतला पहिला परिच्छेद वाचून दाखवला आणि विचारलं, "चौथ्या गटाबद्दल तुझं मत काय? तिथल्या बायकांना तपासणी न देणं बरोबर होतं का?"

हा वाद मला माहीत होता. परदेशी पैशाने झालेल्या अशा अभ्यासांत एका गटाला तपासणीशिवाय ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे बरीच टीका झाली. बाजूने बोलणारे म्हणतात, त्या काळी जिल्ह्यात तपासणीची सोयच नव्हती, त्यांच्याकडून काही काढून घेतलं नाही, आणि तुलना केल्याशिवाय फायदा सिद्ध झाला नसता. विरोधातले म्हणतात, तपासणीचा उपयोग होतो हे तेव्हा जगाला माहीत होतं. मी दोन्ही बाजू सांगितल्या. मग म्हटलं, की मला वाटतं ते गट आज ठरवले असते तर वेगळे ठरवायला हवे होते. पण त्याहून मला दुसरी गोष्ट जास्त टोचते. निकाल २००९मध्ये आला. त्यानंतर दहा वर्षांनी झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी दोन टक्क्यांहून कमी जणींनी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी केल्याचं सांगितलं. म्हणजे अभ्यास संपला आणि जवळजवळ सगळा देशच चौथ्या गटात राहिला.

ती काही सेकंद गप्प होती. मग म्हणाली, "थँक यू." त्या मुलाखतीनंतर मला वेटिंग लिस्टमध्ये टाकलं.

७ फेब्रुवारी २०२५ला एनआयएचने जाहीर केलं की अनुदानासोबत विद्यापीठांना वीज, इमारती, प्राणिगृह अशा खर्चासाठी जी रक्कम मिळते ती सरसकट पंधरा टक्क्यांवर आणली जाईल. कित्येक मोठ्या संस्थांना ती पन्नास टक्क्यांच्या वर मिळत होती. कोर्टाने निर्णय अडवला, पण विद्यापीठं घाबरली होती. ठिकठिकाणी पीएच.डी.चे प्रवेश कमी केले किंवा थांबवले, काहींनी तर दिलेले प्रवेशही मागे घेतले. मार्चमध्ये मला ईमेल आला. यंदा वेटिंग लिस्टमधून कुणालाही घेणार नाही. तीन ओळी, अतिशय सभ्य. त्याच महिन्यात माझा प्रोजेक्टही संपला.

मी गावी गेले. पंधरा दिवस मी एकही पेपर वाचला नाही. दुकानात बसून पप्पांची बिलं केली. त्या काळात 'जे होतं ते चांगल्यासाठी' असं म्हणणारी किमान नऊ माणसं भेटली. चांगल्यासाठी नव्हतं ते. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला झालेल्या एका बजेटच्या भांडणात माझी वेटिंग लिस्ट गेली होती, आणि त्यात माझ्यासाठी कसलाही धडा नव्हता. एवढं मान्य केल्यावर बरं वाटलं.

मग भारतातल्या मुलाखती सुरू झाल्या. इथली तऱ्हा वेगळी. झूमवरची गोड ओळखपाळख नाही. लांब टेबल, सहाजण, मागे पांढरा बोर्ड आणि हातात मार्कर. एसओपी कुणी वाचलेली असते, कुणी नसते. "आवडता विषय?" विचारतात आणि तुम्ही तो सांगितला की त्याच्या मुळाशी जाईपर्यंत सोडत नाहीत. मी एचपीव्ही म्हटलं. एक सर म्हणाले, "विषाणू टिकला हे कसं ओळखशील? तोच टिकला की पुन्हा नव्याने लागण झाली?" मी बोर्डावर काढायला लागले. दुसरे म्हणाले, "याचा कंट्रोल काय?" मी काढलेलं पुसून पुन्हा काढलं. पस्तीस मिनिटांत 'तुला पीएच.डी. का करायची आहे' हे कुणीही विचारलं नाही. बाहेर आले तेव्हा हात मार्करने निळे झाले होते आणि मला पहिल्यांदा वाटलं, की ते विचारलं असतं तर आता मला उत्तर देता आलं असतं. मला तो बोर्डावरचा प्रश्न अर्धवट सोडवत नाही, म्हणून.

तिथे माझी निवड झाली. ऑगस्टमध्ये रुजू झाले.

अजून एकही प्रयोग केलेला नाही. पहिलं काम जे मिळालं ते असं : आमच्या प्रकल्पात रुग्णालयात येणाऱ्या बायकांकडून नमुने घ्यायचे आहेत. एथिक्स कमिटीचा नियम आहे की संमतीपत्र त्यांच्या भाषेत हवं. गटात मराठी लिहिणारी मी एकटीच. इंग्रजी मसुद्यात चार पानं आहेत. 'गर्भाशयमुख' असा शब्द मी लिहिला आणि फोनवर आजीला वाचून दाखवला.

"हे काय असतंय?"

मी सांगितलं.

"मग पिशवीचं तोंड लिही की. गर्भाशयमुख म्हटल्यावर कोण सही करंल?"

मी 'गर्भाशयाच्या पिशवीचं तोंड' असं लिहिलं. मग तिने अंगठा कुठे लावायचा ते विचारलं, नमुना कुणाकडे राहणार विचारलं, आणि मध्येच म्हणाली, "नको वाटलं तर नाय म्हणता येतंय, हे कुठं लिहिलंय?"

ते तिसऱ्या पानावर होतं, खालून दुसऱ्या ओळीत.

"ते वर घे," आजी म्हणाली. "आन् घरच्यांना विचारून या असं कुठं लिहू नको."

कमिटीची बैठक पुढच्या मंगळवारी आहे. ती ओळ मी पहिल्या पानावर घेतली आहे.